पत्ता नागपूर, छत्री शारजा

१
कंपनीच्या नोंदीप्रमाणे आमच्या मनीषनगरच्या गच्चीवर दोन छत्र्या आहेत. प्रत्यक्षात एक आहे. दुसरी शारजाला, धाकट्या भावाच्या इमारतीवर, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायाला तारेने आवळलेली. दोन्हींचा रिचार्ज मीच करतो. मोबाइल नंबर माझा, ओटीपी मला.

२
भारतातल्या डीटीएचचा परवाना भारताच्या हद्दीपुरता असतो. उपग्रहाचा झोत हद्दीपाशी थांबत नाही. आखातातल्या कित्येक मराठी घरांचा संध्याकाळचा कार्यक्रम या दोन वाक्यांच्या मधे बसतो.

३
शारजाचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. रिचार्ज मात्र भारतीय मध्यरात्री संपतो. तिकडे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात आणि सिनेमातला खुनी अजून सापडायचा असतो.
फोन मला येतो. मी झोपलेलो असतो.

४
"दादा, आईचं बंद पडलं."
अशा वाक्याने रात्री बाराला दचकायचं नाही, हे शिकायला वेळ लागला.

५
आई थंडीचे महिने भावाकडे काढते. तिच्याशी फोनवर :
"काय दिसतं?"
"निळं."
"निळं म्हणजे?"
"निळं म्हणजे निळं. वर इंग्रजीत काहीतरी लिहून आहे."
"वाच."
"चष्मा आतल्या खोलीत आहे. तूच सांग न काय लिहिलं असेल ते."

६
कस्टमर केअर.
"सर, आपण आत्ता टीव्हीसमोर आहात का?"
"नाही."
"टीव्ही कुठे आहे सर?"
"घरी."
"मग घरी पोचल्यावर फोन करा सर."

७
पुढच्या वेळी तक्रारच नोंदवली. उद्या सकाळी दहा ते बारा. कंपनीचा मुलगा आला, वेळेवर आला. आमच्या गच्चीवर गेला, आमच्याच छत्रीचा जॉइंट काढून पुसला, पुन्हा बसवला, खाली येऊन सिग्नल दाखवला. उत्तम होता. आधीही उत्तमच होता. चहा घेतला, ओटीपी घेतला. दुपारी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.
शारजात निळंच.

८
रिचार्ज डब्यापर्यंत पोचतो कसा, हे मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. वाटायचं, कुठूनतरी बटण दाबतात. प्रकार असा : इथे पैसे भरले की कंपनीचं केंद्र एक कुलूपबंद निरोप उपग्रहाकडे पाठवतं. उपग्रह तो अख्ख्या देशावर, शिवाय आजूबाजूच्या समुद्रावर आणि वाळवंटावर पसरतो. निरोप सगळ्या डब्यांवर पडतो. ज्याच्या कार्डाचा नंबर जुळतो तो उघडतो, बाकीचे सोडून देतात. म्हणून रिचार्ज झाल्यावर डबा चालू ठेवा म्हणतात. बंद डब्याच्या डोक्यावरून निरोप निघून जातो.
छत्रीतून डब्याला वर काहीही कळवता येत नाही. तो फक्त ऐकतो. त्यामुळे तो मनीषनगरात आहे की शारजात, हे उपग्रहाला ठाऊक नाही आणि कंपनीलाही नाही.

९
याउलट फोनवरचं अ‍ॅप. उघडल्या उघडल्या पहिला प्रश्न, तुम्ही कुठे आहात? आणि खरं उत्तर कळलं की, हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.
आईचा अ‍ॅपवर राग आहे तो एवढ्यासाठी. "आल्या आल्या गाव काहून विचारते?"

१०
थोडी भूमिती. उदाहरणाला ८३ अंश पूर्वेवरचा उपग्रह धरू. नागपूर ७९ अंशांवर. म्हणजे तो आपल्या जवळजवळ थेट दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर. छत्री अगदी आकाशाकडे तोंड करून असते. शारजाहून तोच उपग्रह आग्नेयेला दिसतो आणि ४७ अंशांपर्यंत उतरतो.
भारतीय प्रमाणवेळेची रेषा साडेब्याऐंशी अंशांवर. म्हणजे हा उपग्रह जवळपास आपल्या घड्याळाच्या रेषेवरच लटकलेला आहे, फक्त खूप खाली विषुववृत्तावर, आणि तिथून ३५,७८६ किलोमीटर वर.

११
नागपुरातल्या झाडून सगळ्या छत्र्या दक्षिण ते आग्नेय एवढ्याच टापूत बघतात. महाल भागात गल्ली चुकली, ढग आलेले असले, फोनची बॅटरी गेली, तर वर बघावं. दिशा कळते.

१२
शेजारच्यांनी वास्तूवाला बोलावला होता. स्वयंपाकघराचा ओटा फिरवला, जिन्याखालचं मोरीचं दार हलवलं. गच्चीवर दक्षिणेकडे आ वासून बसलेल्या छत्रीबद्दल एक शब्द नाही. मॅच होती त्या दिवशी.

१३
भावाने पहिली छत्री इथूनच नेली. साठ सेंटीमीटरची, चादरीत गुंडाळून, विमानात. विमानतळावर विचारलं हे काय, तर म्हणाला परात. अर्थात कोणी मानलं नाही, पण जाऊ दिलं.
तिकडे पोचल्यावर होकायंत्र लावून दिशा धरली, कोन मोजून धरला. पडद्यावर दोन पट्ट्या असतात : स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी शून्याच्या आसपास. चित्र नाही. आठवडाभर संध्याकाळी तो गच्चीवर आणि मी फोनवर. "आता?" "आता नाही." "आता?" "होतं, गेलं."
गोची अशी होती. उपग्रह एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळी कामं करून घेतो, एक उभ्या लहरींवर, एक आडव्या. छत्रीसमोरचा एलएनबी या दोन्ही निरनिराळ्या ओळखतो. पण उभं म्हणजे उपग्रहाच्या लेखी उभं. जमिनीवर तुम्ही त्याच्या जितके बाजूला, तितका एलएनबी त्याच्या पकडीत फिरवावा लागतो. नागपुरात या ८३ अंशांसाठी साधारण दहा अंश फिरवला की पुरे. शारजात जवळजवळ चव्वेचाळीस. कमी फिरवला तर उभ्यात आडवं मिसळतं, आणि डब्याला भरपूर ऐकू येतं पण कळत काही नाही.
नागपूरच्या मुलाने बसवताना एलएनबीवर मार्करने काळी रेघ मारून दिली होती. "साहेब, खोललं तर पुन्हा या रेघेवर आणा." भावाने शारजात तो इमानाने रेघेवर आणला होता.

१४
रेघ अजून आहे. आता कुठल्याच कशाशी जुळत नाही.

१५
एलएनबी फिरवल्यावर चित्र आलं, पण धाप लागल्यासारखं. झोत भारतासाठी आखलेला, शारजा त्याच्या काठावर. काठावर सिग्नल पातळ. मग एकशेवीस सेंटीमीटरची छत्री तिकडेच घेतली. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट.
साठवाल्या छत्रीत आता पुदिना आहे. वाळवंटात पुदिना येत नाही असं सांगणाऱ्यांना तिचा फोटो पाठवतात.

१६
एकशेवीसवाली बसवायला आलेला माणूस पेशावरकडचा. कानावर पेन्सिल, हातात सिग्नल शोधायचं छोटं यंत्र. त्याने छत्रीला दोन बोटं लावली, यंत्र किंचाळलं, बोल्ट आवळले, खाली आला. चॅनेल लावून बघताना आईची मालिका लागली. सासूने सुनेच्या हातातून किल्ल्या घेतल्या, तिथपर्यंत तो उभा राहून बघत होता.
"ये इनकी सास है?"
"हो. सख्खी नाही, चुलत," आई मराठीत म्हणाली.
"अच्छा," तो म्हणाला. त्याला पुरेसं कळलं होतं.

१७
भावाच्या इमारतीच्या गच्चीवर छत्र्यांचे दोन गट आहेत. अरबी चॅनेलांचे उपग्रह, २६ अंशांवरचा बद्र किंवा त्याहून लांबचा नाइलसॅट, पश्चिमेला. त्यांच्या छत्र्या नैर्ऋत्य-पश्चिमेकडे. हिंदुस्थानी छत्र्या आग्नेयेकडे. पाकिस्तानचा पाकसॅट ३८ अंशांवर, म्हणजे शारजाच्या पश्चिमेला. त्यामुळे पूर्वेकडचं घर बघायला पेशावरवाल्याला छत्रीचं तोंड नैर्ऋत्येकडे करावं लागतं.
मी आणखी काही लिहीत नाही.

१८
अबु धाबीत नगरपालिकेने बाल्कनीतल्या छत्र्यांविरुद्ध मोहिमा काढल्या, शहर कुरूप दिसतं म्हणून. नागपुरात हा मुद्दा अजून कोणाच्या डोक्यात आलेला नाही. होर्डिंगांमुळे छत्र्या दिसतच नाहीत.

१९
परदेशात राहून उपग्रहाची छत्री घरी बसवून घेणाऱ्यांत सर्वांत मान्यवर माणूस आर्थर सी. क्लार्क. इंग्रज, मुक्काम कोलंबो. उपग्रह एका जागी टांगून त्यावरून पृथ्वीभर प्रक्षेपण करता येईल, हे त्याने १९४५ च्या ऑक्टोबरात एका वायरलेसच्या मासिकात लिहिलं होतं. तीस वर्षांनी, १९७५ मध्ये, इस्रोच्या इंजिनिअरांनी त्याच्या कोलंबोच्या घरी छत्री आणि संच बसवून दिला. श्रीलंकेत तेव्हा टीव्ही केंद्रच नव्हतं. ते १९७९ मध्ये आलं. अख्ख्या देशात चित्र दिसणारं ते एक घर, आणि दिसायचे ते भारतातल्या खेड्यांसाठी केलेले शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम.

२०
याच क्लार्कला १९४५ मध्ये वाटलं होतं की असं प्रक्षेपण केंद्र आकाशात चालवायचं तर त्यात माणसं राहावी लागतील. व्हॉल्व्ह उडतात, कोणीतरी बदलायला हवेत.
दुरुस्तीवाला वरच राहील, हा त्याचा अंदाज चुकला. दुरुस्तीचं काम खालीच राहिलं.

२१
क्लार्कच्या घरी दिसायचे ते कार्यक्रम ‘साइट’ या प्रयोगाचे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, उपग्रह नासाचा एटीएस-६, वर्षभरासाठी मागून आणलेला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता. नागपूरकरांना सर्वांत जवळचा भाग म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशातला, रायपूरकडचा.
छत्री दहा फुटी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची. संच हैदराबादच्या ईसीआयएलचे. वर्ष संपलं, नासाने उपग्रह परत नेला. गावात जाळी राहिली.

२२
पुढे इन्सॅट आला तेव्हा ग्रामीण दूरदर्शनासाठी निवडलेल्या भागांत नागपूरचा परिसर होता. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि सप्टेंबरमध्ये बंद पडला. १५ ऑगस्टला त्याच्या जिवावर देशभर एकत्र रंगीत कार्यक्रम सुरू झाला होता. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकन स्पेस शटलमधून वर गेला आणि टिकला.
तेव्हा टीव्ही बंद पडला की लोक आधी मागच्या बाजूला थाप मारायचे. वरची वस्तू बिघडली असेल असं कोणाला सुचायचं नाही, आणि नेमकी तीच बिघडलेली होती.

२३
नागपुरात बर्डीवर जुन्या इलेक्ट्रॉनिक्सचं एक दुकान आहे. बोर्डावर लिहिलंय : ‘येथे जुने सेट टॉप बॉक्स घेतले जातील व विकले जातील.’ मालक म्हणतो, लोक नाक मुरडतात, सेकंडहँड कायले घेऊ म्हणतात.
त्याला एक गोष्ट सांगावी असं मनात आहे. फेब्रुवारी १९८४ मध्ये वेस्टार-६ नावाचा अमेरिकन उपग्रह शटलमधून सोडला. त्याची मोटर नीट पेटली नाही, भलत्याच कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान वर गेलं आणि अंतराळवीरांनी तो हातांनी धरून आत घेतला, सोबत त्याच्यासारखाच फसलेला इंडोनेशियाचा एक. दोघांना पकडल्यावर डेल गार्डनर या अंतराळवीराने फोटोसाठी हातात पाटी धरली. पाटीवर इंग्रजीत ‘विकणे आहे’.
विकला गेला. दुरुस्त झाला, नवं नाव मिळालं, एशियासॅट-१. ७ एप्रिल १९९० रोजी चीनच्या रॉकेटने पुन्हा वर. स्टार टीव्ही त्याच्यावरून आला. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्हीही त्याच्यावरून आला. आपल्याकडची खासगी वाहिन्यांची जत्रा सुरू झाली ती एका सेकंडहँड उपग्रहावर.
दुकानदार ऐकेल, आणि विचारेल, केवढ्याला गेला?

२४
एका संध्याकाळी आईचा फोन. "मराठी सगळी बंद केली त्यांनी. हिंदी बरोबर चालू आहे."
"सगळी?"
"सगळी. हिंदीला हात नाही लावला. मुद्दाम करून राहिले."
भावाने यादी काढली. मराठीसोबत दोन बंगाली, एक भोजपुरी आणि मासे पकडण्याचं एक इंग्रजी चॅनेलही गेलेलं होतं. कट असलाच तर फार व्यापक होता.
डबा छत्रीकडे केबलमधूनच वीज पाठवतो. तेरा व्होल्ट म्हणजे उभ्या लहरी दे, अठरा म्हणजे आडव्या. जॉइंटमध्ये पाणी शिरलं, गंज धरला, की अठरा पाठवले तरी वर तेवढे पोचत नाहीत. एलएनबीला वाटतं अजून तेराच मागतायत. मग आडव्यांवरची सगळी चॅनेलं एकदम जातात, भाषा न बघता. शारजाच्या खाऱ्या दमट हवेत जॉइंट लवकर हिरवा होतो. दोन दिरहमचा जॉइंट बदलला, सगळी परत आली.
आई म्हणाली, "तू बोलला असशील त्यांना, म्हणून केलं चालू."

२५
बिघाडाची कारणं, गच्चीवर ऐकलेली. नागपूर : कबुतर, माकड, संक्रांतीचा मांजा, कूलरची टाकी भरताना लागलेला धक्का, ‘वरच्या मजल्यावरची पोरं’. शारजा : वाळू, कबुतर, एसीच्या पाण्याचा थेंब, इमारतीचा वॉचमन.
कबुतर दोन्हींकडे आहे.

२६
१० जुलै २००६. श्रीहरिकोटाहून इन्सॅट-४सी घेऊन जीएसएलव्ही उडालं आणि मिनिटाभरात बंगालच्या उपसागरावर फुटलं. डीटीएचसाठी त्याच्यावर पुष्कळ जागा धरलेली होती. छत्र्या विकणाऱ्यांच्या पत्रकात दुसऱ्या दिवशीही ‘डिजिटल चित्र, अखंड मनोरंजन’ होतं. पत्रकं आधीच छापलेली असतात.

२७
उपग्रह एका जागी आहे म्हणतात तेव्हा तो सेकंदाला तीन किलोमीटर पळत असतो. चंद्र-सूर्य त्याला ओढतात, तो सरकतो. कर्नाटकात हासनला आणि इकडे भोपाळला बसलेली माणसं अधूनमधून त्याचे छोटे अग्निबाण पेटवून त्याला परत चौकटीत आणतात. इंधन संपत आलं की वापरातून काढून दोन-तीनशे किलोमीटर वर ढकलतात, दुसऱ्यांच्या वाटेत नको म्हणून.
मामांनी सेवानिवृत्तीनंतर वरच्या मजल्यावर खोली बांधली, त्याचं कारण त्यांनीही हेच सांगितलं होतं.

२८
कस्टमर केअरचं ठरलेलं वाक्य : "सर, आपल्या भागात पाऊस सुरू असेल तर थोडा वेळ वाट पाहा." नागपुरात मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, हे ऐकायला गार वाटतं.
वाक्यात शास्त्र आहे. डीटीएचच्या लहरी १०-१२ गिगाहर्ट्‌झच्या, लांबी अडीच-तीन सेंटीमीटर. पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. जुन्या काळच्या केबलवाल्यांच्या मोठ्या थाळ्या चार गिगाहर्ट्‌झच्या, त्यांना पावसाचं फारसं काही नसायचं. थाळी मोठी, सोय कमी, पाऊस चालतो. थाळी लहान, सोय जास्त, पाऊस चालत नाही.

२९
१६ एप्रिल २०२४. अमिरातीत पंचाहत्तर वर्षांतला विक्रमी पाऊस. खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. दुबईच्या धावपट्टीवर विमानं पाण्यात उभी. शारजाच्या काही भागांत पाणी कित्येक दिवस उतरलं नाही.
मी केअरला फोन लावला. "सर, आपल्या भागात पाऊस सुरू असेल तर..."
"आहे," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

३०
नागपूर, २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. पाणी उतरल्यावर कुंपणांच्या भिंतींवर गाद्या, अल्बम, सेट टॉप बॉक्स ओळीने वाळत घातलेले. गच्च्यांवरच्या छत्र्या कोरड्या ठक्क. सिग्नल व्यवस्थित उतरत होता.

३१
जामठ्याला मॅच. स्टेडियम घरापासून फार लांब नाही, गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं, म्हणजे मॅच नसेल त्या दिवशी. चित्र मात्र जामठ्याहून वर, खाली, स्टुडिओत, जाहिराती लावून पुन्हा छत्तीस हजार किलोमीटर वर आणि तितकंच खाली येतं. नुसत्या वर-खालीला पाव सेकंद. बाकी उशीर चित्र दाबून बसवण्याचा आणि उलगडण्याचा. गड्डीगोदामला मित्राकडे केबल आहे. तो विकेटवर ओरडतो फोनमध्ये, आमच्याकडे बोलर अजून धावतोय.
शारजाहून भाऊ : "सांगू नको, सांगू नको."

३२
सरकारी फ्री डिश ९३.५ अंशांवर. महिन्याचं काही भरायचं नाही, एकदा डबा-छत्री घेतली की झालं. डिसेंबर २००४ पासून आहे, आधी नाव डीडी डायरेक्ट प्लस. हिंगण्याच्या पुढे, काटोलकडे, प्रत्येक कौलारू घरावर आहे.
गावातला मुलगा सांगत होता, "त्याच्यात मजा नाही, बंद पडलं तं कोणाले फोन करावा?"

३३
वापरातून गेलेल्या छत्र्यांच्या पुढच्या नोकऱ्या, विदर्भात पाहिलेल्या : कोंबड्यांचं पाणी. मिरच्या वाळवणं. वांग्याच्या शेतात बुजगावण्याचं डोकं. एका धाब्यावर ट्यूबलाइटचं छप्पर. एका मंगल कार्यालयाबाहेर, रंगवून, ‘सुस्वागतम्’.

३४
नवीन दरपद्धत २०१९ च्या फेब्रुवारीत आली. तेव्हा आधी १३० रुपये अधिक कर, त्यात शंभर चॅनेलं, पुढे हवं ते एकेक निवडा. ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य. आईला यादी वाचून दाखवली. "हे पाहिजे?" "असू दे." "हे?" "असू दे, कोणी आलं-गेलं तं." "हे तमिळ आहे." "मग? खालच्या मजल्यावर आहेत न ते."

३५
तमिळ चॅनेल घेतलं. खालच्या मजल्यावरचे मल्याळी निघाले.

३६
भाच्याला विचारलं, तू काय बघतोस? तो म्हणाला, टीव्हीवर? आणि गप्प राहिला, जणू मी पोस्टाच्या तारेबद्दल विचारलं.

३७
आई मार्चच्या शेवटी नागपूरला परतते. इकडचाही रिचार्ज चालू असतो. इकडे ती मालिका बघत नाही. दुपारी भाजी निवडताना फोनवर दुबईतल्या कोणा मराठी बाईंचे व्हिडिओ बघते : आज मॉलमध्ये काय स्वस्त, आज उकाडा किती.
"तू तिथेच तर होतीस चार महिने," मी म्हणालो.
"तेव्हा कुठे बाहेर पडले मी? टीव्ही होता न."

३८
भाऊ म्हणतो, इंटरनेटवरचं अधिकृत पॅकेज घेऊन टाकू, छत्री काढू. महिन्याला थोडे जास्त पडतील, कटकट मिटेल. घेतलं. पहिल्याच आठवड्यात रात्री साडेबाराला फोन : "दादा, पासवर्ड काय टाकला होता आपण?"

३९
छत्री काढलेली नाही. चार बोल्टांपैकी दोन गंजून धरलेत, आणि पेशावरवाला सुट्टीवर गावी गेलाय.

४०
स्वतःसाठी नोंद. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि तसंच मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, सूर्य काही दिवस रोज काही मिनिटं बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. छत्रीला दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात आणि सूर्याची खरखर जिंकते. नागपुरात ८३ अंशांसाठी हे बाराच्या थोडं अलीकडे-पलीकडे. शारजात थोडं आधी, त्यांच्या घड्याळात दहाच्या सुमारास, नाश्त्याच्या वेळी. त्यावर इलाज नाही. बोल्ट ढिले करायचे नाहीत, एलएनबीला हात लावायचा नाही, तक्रार नोंदवायची नाही. दहा-पंधरा मिनिटांत आपोआप येतं.
तेवढ्यात फोन आला तर उचलायचा नाही.